बारा बोटांचा गोल

मी आयुष्यात बरेच मूर्खपणाचे उद्योग केले. त्यातले काही स्वयंपाकघरात केले, ते घरच्यांनी मुकाट्यानं गिळले. एक मात्र मी गळ्यात शिट्टी अडकवून, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून भर मैदानात केला, आणि तो बारा पोरींना गिळावा लागला. खो-खोच्या मुलींच्या संघाला मी रोज संध्याकाळी गोलात उभं करत असे. शिट्टी वाजली की प्रत्येकीनं, आज जिच्यामुळे खेळ बिघडला तिच्याकडे बोट दाखवायचं. जिच्याकडे सगळ्यात जास्त बोटं, तिनं मैदानाला पाच फेऱ्या मारायच्या, आणि बाकीच्यांनी बसून तिच्याकडे बघायचं. या प्रकाराला मी 'आरसा' म्हणायची. नाव तरी बघा. स्वतःच्या मूर्खपणाला इतकं देखणं नाव देणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

या गोष्टीला पंचवीसेक वर्षं झाली. बोदवड आणि मुक्ताईनगरच्या मधल्या एका मोठ्या गावात मी शाळेत पीटीची बाई होते. माहेर शिंदखेड्याकडचं, त्यामुळे तोंडात अहिराणी, 'आहे'चं 'शे' आणि 'सगळं'चं 'बठ्ठं'. इकडच्या केळीवाल्या गावांची बोली निराळी. वर्गात मी पुस्तकी मराठी बोलायची, पण चिडले की माहेर तोंडातून बाहेर पडायचं. "बठ्ठ्या उभ्या ऱ्हा!" असं ओरडले की पोरी रांगेत उभ्या राहायच्या आणि माझी पाठ वळली की एकमेकींना माझी नक्कल करून दाखवायच्या. मला ते कळत होतं. पुढे एक दिवस ती नक्कल बंद झाली. मला वाटलं, आली बरं का शिस्त. मी घरी येऊन नवऱ्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "घरात तरी शिट्टी काढून ठेवत जा." खरं काय झालं होतं ते त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं आणि मला असायला हवं होतं. पोरी एकमेकींसमोर हसायला घाबरायला लागल्या होत्या. आज जिच्यासमोर हसलो ती उद्या कुणाकडे बोट करील याचा काय भरवसा?

पण मी पुढचं आधी सांगते आहे. माझ्या आधी हा संघ आमच्या शाळेचे चित्रकलेचे सर सांभाळायचे. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. पीटीची जागा कित्येक वर्षं भरलेलीच नव्हती, म्हणून हेडसरांनी आबांना सांगितलं होतं की जरा मैदानावर बसत जा. तर ते खरोखरच बसायचे. लिंबाखाली स्टूल टाकून, छत्री मांडीवर आडवी ठेवून. त्यांना खो-खोचे निम्मे नियम येत नव्हते. खेळ संपला की पोरींना जवळ बोलवायचे आणि प्रत्येकीला विचारायचे, "तू आज काय पाहिलंस?" कोणी म्हणायची, ती डावीकडे चकवा देते. कोणी म्हणायची, आबा, मी फक्त ढग पाहिला. त्यावर सगळ्या लोळून हसायच्या आणि आबापण. हे मी माझ्या नेमणुकीच्या पहिल्या आठवड्यात पाहिलं आणि मनात म्हटलं, हा काय पोरखेळ. मुलींचा खेळ पोरखेळ असतो हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आबांची एक पद्धत होती, ती इथे सांगायलाच हवी. खो-खोत आठ जणी मधल्या पट्टीवर ओळीनं बसतात, एकीचं तोंड इकडे, पुढचीचं तिकडे. नववी समोरच्या संघाच्या पळणारीमागे लागते. तिला मागे फिरायला परवानगी नाही, मधली पट्टी ओलांडायला नाही. म्हणून मग ती बसलेलीच्या पाठीवर थाप देते, 'खो' म्हणते आणि तिच्या जागी स्वतः बसते. बसलेलीला आपल्या मागे कोण येतंय ते दिसत नाही. फक्त पाठीवर हात पडतो. तर आबा सरावात पोरींना नाव घेऊन खो द्यायला लावायचे. आधी तिचं नाव, मग खो. सामन्यात नाही, सामन्यात तेवढा वेळ नसतो. सरावात मात्र नाव घेतल्याशिवाय दिलेला खो ते मोजायचेच नाहीत. "कुणाला उठवतेय ते तुला माहीत पाहिजे, आणि आपल्याला उठवलंय ते तिला माहीत पाहिजे," एवढंच त्यांचं शास्त्र. मी आल्याबरोबर ते पहिलं बंद केलं. अर्धा सेकंद वाया जातो, असं मी घड्याळ लावून सिद्धही करून दाखवलं होतं. आबा "बरं" म्हणाले आणि छत्री घेऊन वर्गात गेले.

त्या संघात एक मुलगी होती. काटकुळी, लांब हातांची. घरची केळीची शेती, त्यामुळे बाहीवर चिकाचे काळे डाग कायमचे. धुतले तरी केळीचा चीक कापडावरून जात नाही. ही मुलगी खांबावर सूर मारायची. पट्टीच्या दोन्ही टोकांना खांब असतात आणि पळणाऱ्या पोरी दमल्या की तिथेच घोटाळतात. एका हातानं खांब धरून सगळं अंग आडवं हवेत झोकून द्यायचं आणि दुसऱ्या हातानं पळणारीला टिपायचं. हे शिकवून येत नाही. मी नियमांची पुस्तकं पाठ केलेली बाई, पण मला आयुष्यात एकदाही तसा सूर मारता आला नव्हता. तिला कोणी शिकवला होता? केळीच्या बागेत पाटावर उड्या मारता मारता आला असेल. दहापैकी सहा वेळा ती टिपायची, चार वेळा आपटायची. आपटली की आबांच्या काळात सगळ्या टाळ्या वाजवायच्या. मी आल्यावर आपटणं ही चूक ठरली.

ती दहावीत होती. एकदा साहित्याच्या खोलीत माझी शिट्टी हातात घेऊन बघत होती, मला पाहून पटकन ठेवली आणि म्हणाली, "बाई, मला तुमच्यासारखं व्हायचंय. शिट्टीवाली बाई." मी फुलून गेले. तिला खेळाची शिक्षिका व्हायचं होतं आणि त्यासाठी पुढे शिकायला हवं होतं. तिचे वडील, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे, ते दहावीनंतर पोरीला रोज एसटीनं बोदवडला पाठवायला तयार नव्हते. पण धुळ्याला एक क्रीडा वसतिगृह होतं, तिथे राहून अकरावी-बारावी करता येत होती. त्यासाठी जळगावच्या जिल्हा अंतिम सामन्यात निवडीचे लोक बसणार होते. मी भाऊंना शाळेच्या फाटकाशी गाठून सगळं समजावलं. त्यांनी खाली बघत ऐकलं आणि म्हणाले, "बाई, निवड झाली तर मी स्वतः धुळ्याला सोडून येईन, शब्द देतो. नाही झाली, तर मग तुम्ही मला समजवायला येऊ नका." मी म्हटलं, निवड होणारच. माझ्या हातात होतं ना सगळं.

धुळ्यातच मी सुट्टीत एका प्रशिक्षण वर्गाला जाऊन आले होते. तिथे कोणीतरी फळ्यासमोर सांगितलं की खेळाडूला स्वतःची चूक दिसली पाहिजे. बरोबरच होतं ते. बाकीचं सगळं मी एसटीत बसून परत येताना माझ्या डोक्यानं रचलं. गोल, बोट, फेऱ्या, आरसा. पारोळा येईपर्यंत मला स्वतःचं इतकं कौतुक वाटायला लागलं होतं की शेजारच्या बाईला मी ते सांगितलंही. ती शेंगा सोलत म्हणाली, "आमच्या सासूबाईंनी पण असंच घर चालवलं." मला वाटलं, स्तुती करते आहे.

पहिले आठ दिवस पोरी हसत बोटं करायच्या. मग हसू गेलं. मग जे झालं ते मी मैदानाच्या कडेला उभी राहून रोज बघत होते आणि मला दिसलं नाही. पोरी हुशार असतात. त्यांनी महिन्याभरात हिशोब बांधला की पळणारी सुटते तेव्हा जी तिच्या मागे असते, तिच्याकडे बोटं जातात. मग कशाला मागे लागायचं? उठायचं, दोन पावलं टाकायची आणि चुलीवरचं भांडं फडक्याशिवाय धरल्यासारखा खो पुढच्या पाठीवर टाकून मोकळं व्हायचं. मला तो झपाटा वाटायचा. मी घड्याळ बघून म्हणायची, काय वेग आलाय. खो इतके पटापट पडायचे आणि गडी एकही बाद होत नव्हता.

आणि ते सगळे खो शेवटी त्या मुलीकडे जाऊन साठायचे. कारण ती एकटीच अजून पाठलाग करत होती. पाठलाग करायची, खांबापर्यंत जायची, सूर मारायची, आणि चारदा आपटायची. बाकीच्या काहीच करत नसल्यामुळे त्यांचं काहीच चुकत नव्हतं. संध्याकाळी गोल झाला की बोटं तिच्याकडे. पाच फेऱ्या. दुसऱ्या दिवशी परत तिच्याकडे. पुढे तर खेळ कसाही झाला तरी बोटं आपोआप तिकडेच वळायची. सवय झाली होती. सुरुवातीला ती तोंड फिरवून डोळे पुसायची. मी म्हणायची, रडू नको, चूक बघ. मग ती रडायची बंद झाली. एके दिवशी शिट्टी वाजली आणि तिनं स्वतःकडेच बोट केलं. मी बाकीच्यांना म्हटलं, बघा, याला म्हणतात खिलाडूवृत्ती.

हे वाक्य मी म्हटलं होतं. मी काही विसरलेले नाही. विसरायची सोय असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर तिनं सूर मारणं कमी केलं. खांबाजवळ जायची आणि हात लावून नुसती वळायची. तिचं आपटणं थांबलं आणि बोटं थोडी इतरांकडे जायला लागली. मी माझ्या वहीत लिहिलं, 'सुधारणा'.

आबा एकदा सरावाला आले. निवृत्त व्हायला त्यांचे थोडे महिने राहिले होते. लिंबाखाली उभे राहून त्यांनी गोल पाहिला, बोटं पाहिली, पोर फेऱ्या मारताना पाहिली. पाचवी फेरी झाल्यावर माझ्याकडे येऊन त्यांनी एकच विचारलं. "बाई, तुमचं बोट कुणाकडे असतं?"

मी म्हटलं, "मी शिट्टी वाजवते."

ते "हां" म्हणाले. छत्री उघडली, ऊन नव्हतं तरी, आणि निघून गेले. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं की जुनी माणसं जळतात. सासूबाई स्वतः जुन्या होत्या.

जळगावच्या अंतिम सामन्याला आमचा संघ एका रांगेत, एका पावलानं मैदानात उतरला. सगळ्यांच्या वेण्या सारख्या, रिबिनी सारख्या. समोरच्या पोरी गोंगाट करत, एकमेकींच्या अंगावर पडत आल्या. मला त्यांची कीव आली. निवडीचे दोघे जण खुर्च्या टाकून मधल्या पट्टीसमोर बसले होते. भाऊ आले होते. पांढरी टोपी नीट करत, गर्दीच्या मागे उभे. पोरीला दिसू नये म्हणून मागे उभे होते हे मला नंतर कळलं.

सामना आम्ही रेटला. कसा, ते मलाही कळलं नाही. त्या मुलीनं आमच्या पळायच्या पाळीत जीव लावला होता म्हणून. शेवटच्या डावात आम्ही पाठलाग करत होतो आणि एका गड्यानं मागे होतो. एक बाद झाली असती तर बरोबरी आणि जादा डाव. घड्याळात थोडे सेकंद राहिलेले. उरलेली पळणारी दमली होती, इतकी की खांबाच्या पलीकडे वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभी होती. आणि तिच्या मागे आमची तीच मुलगी. शेवटची बसलेली मागे टाकून ती खांबाकडे निघाली होती. चार हातांचं अंतर. तिच्या आयुष्यातला सगळ्यात सोपा सूर होता तो. निवडीतला एक माणूस खुर्चीवरून अर्धा उठला.

ती थांबली. मी बाजूला होते, मला तिचा चेहरा दिसला. तिनं खांबाकडे पाहिलं नाही, पळणारीकडे पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग ती मागे वळली आणि शेवटच्या बसलेलीच्या पाठीवर थाप देऊन 'खो' म्हणाली. खांबाला हात लावल्याशिवाय मागे फिरता येत नाही, हे तिसरीतल्या पोरीलाही माहीत असतं. पंचांनी फाऊल दिला. तेवढ्यात वेळ संपला.

इथपर्यंतचं एखाद्या वेडाच्या नावावर खपवता आलं असतं. पुढचं नाही. समोरच्या पोरी नाचत होत्या, लोक उठत होते, आणि मी शिट्टी वाजवली. तिथेच, मैदानाच्या मध्यात, निवडीच्या लोकांसमोर, जिंकलेल्या संघासमोर, भाऊंसमोर. आमचा संघ गोलात उभा राहिला. इतकी सवय. मी परत शिट्टी वाजवली आणि बारा बोटं वर आली. अकरा जणींची तिच्याकडे आणि बारावं तिचं स्वतःचं, छातीवर टेकलेलं. संघाची एकी म्हणतात ती मी वर्षभरात पहिल्यांदा पाहिली. एकही बोट चुकीच्या दिशेला नव्हतं.

मी म्हटलं, "पळ."

तिनं जळगावच्या त्या मैदानाला पाच फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीला निवडीच्या लोकांनी वही मिटली. चौथ्या फेरीला भाऊ फाटकातून बाहेर गेले. बक्षीस समारंभात आम्हाला उपविजेतेपदाबरोबर सगळ्यात शिस्तबद्ध संघाची ढाल मिळाली. ती मी स्वतः स्टेजवर जाऊन घेतली. हेडसर खूश झाले. ढाल त्यांच्या ऑफिसात कपाटावर ठेवली होती, अजूनही असेल. पितळ चांगलं होतं.

धुळ्याला निवड झाली ती समोरच्या संघातल्या दोघींची. भाऊंनी शब्द पाळला. दहावीचा निकाल लागला आणि पोरीचं नाव शाळेतून निघालं. पुढच्या वर्षी मुक्ताईनगरकडच्या एका गावात लग्न झाल्याचं ऐकलं. मी त्यांच्या घरी गेले नाही. त्यांनी येऊ नका म्हटलं होतं, आणि मला तेवढंच निमित्त हवं होतं. आरसा मी लगेच बंद केला असं कोणाला वाटत असेल तर तसंही नाही. फक्त मैदानातून साहित्याच्या खोलीत नेला, दार लावून. आणखी दोन वर्षं चालला. मग खो-खोला पोरीच येईनात आणि मी स्टाफरूममध्ये म्हणायला लागले की हल्लीच्या मुलींना मेहनत नको.

आता मी जळगावात लेकाकडे असते. एक गुडघा पट्ट्यात, जिभेला मात्र अजून पट्टा नाही. माझी नात चौदा वर्षांची आहे आणि शाळेच्या खो-खो संघात आहे. तिचे सर मोबाइलवर प्रत्येक सामन्याचं शूटिंग करतात आणि रात्री ग्रुपवर टाकतात, कोण कुठे चुकली ते लाल गोल काढून. मी ते बघते आणि चहा पिते. नातीनं एकदा विचारलं होतं, "आजी, तू पण कोच होतीस ना? भारी होतीस?" मी म्हटलं, "शिस्तीची होते." ती "ओके" म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

या हिवाळ्यात तिचा सामना होता म्हणून मी प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले. समोरचा संघ मुक्ताईनगरकडच्या एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेचा. कोणाचे बूट निळे, कोणाचे लाल, एकीच्या पायात तर बहुतेक भावाचे, फटक फटक वाजणारे. सामन्याआधी त्यांनी बाजूला थोडा सराव केला. पट्टीवर बसल्या आणि एक उठली, पळाली, पुढचीच्या पाठीवर हात ठेवला. आधी तिचं नाव घेतलं. मग खो. ती उठली, पुढचीचं नाव घेतलं, मग खो. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नावं चालली होती.

मी खुर्चीतून उठले. पट्ट्यातला गुडघा असून उठले. आबा जाऊन दहा-बारा वर्षं झाली. ही पद्धत आमच्या गावाबाहेर कुणाची नव्हती, आणि गावात ती मी बुडवली होती.

सामना मी नातीचा पाहिलाच नाही, त्यांचाच पाहिला. त्यांची एक बारकी पोर सूर मारायला गेली आणि तोंडावर पडली. त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पडलेली हसत माती थुंकत उठली आणि पुढच्या फेरीला तिनंच आमची एक टिपली. आमच्या बाजूला शांतता होती. आमच्या पोरी मोबाइल धरून उभ्या असलेल्या सरांकडे बघत खेळत होत्या. हरल्या. नात घामाघूम होऊन माझ्याकडे आली, पाण्याची बाटली दुसऱ्या हातात घेतली आणि तिच्याच संघातल्या, पलीकडे बूट सोडत बसलेल्या एका मुलीकडे बोट दाखवून म्हणाली, "तिच्यामुळे हरलो."

मी त्या बोटाकडे बघत राहिले. टोकाला जरासं वाकडं, माझ्यासारखंच. तिला हे सरांनी शिकवलं असं म्हणायची माझी फार इच्छा होती. पण घरात ताटाबाहेर भाजी सांडली, रिमोट हरवला, की 'कुणी केलं, बोट दाखवा' हा खेळ नातवंडांना मीच लावला होता. गंमत म्हणून. तीन वर्षांची होती तेव्हापासून ती गोलात बसून बोट दाखवायची आणि मी टाळ्या वाजवायची.

मी तिला म्हटलं, बोट खाली कर. तिनं केलं. का, ते तिनं विचारलं नाही आणि मला सांगता आलं नसतं. मग मी लंगडत त्या दुसऱ्या संघाच्या बाजूला गेले.

त्यांची कोच पाठमोरी होती. चाळिशीची, ट्रॅक पँटवर कुडता, केस करकचून बांधलेले. कुडत्याच्या बाहीवर चिकाचे काळे डाग. मी काही बोलायच्या आधी ती वळली आणि तिनं मला ओळखलं. मला वाटलं होतं तोंड फिरवील. तिनं आधी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि एका पोरीला स्टूल आणायला सांगितलं. मी बसले. ती समोर मातीत मांडी घालून बसली, वर्गात बसायची तशी.

तिनं सांगितलं ते थोडक्यात. सासरी केळी. सासरच्यांचा काही त्रास नाही. गावातल्या शाळेत पीटीचं कोणी नाही, म्हणून संध्याकाळी बागेतून आल्यावर ती पोरींना घेऊन मैदानात जाते. पाच-सहा वर्षं झाली. नेमलेलं कोणी नाही, शाळेनं फक्त मैदान दिलंय. पोरी तिला अक्का म्हणतात. मी विचारलं, शिट्टी? ती हसली. म्हणाली, घेतलीच नाही, हाका मारून भागतं. आबांचं विचारलं तर म्हणाली, लग्न झाल्यावरही ते वर्षातून एकदा येऊन जायचे, छत्री घेऊन. मला हे माहीत नव्हतं. ते येऊन गेले होते आणि मी गेले नव्हते.

मग मी बोलले. पंचवीस वर्षांत मी ते बरेचदा मनात बोलले होते, त्यात फार चांगली वाक्यं होती. प्रत्यक्षात मी एवढंच म्हणू शकले की त्या दिवशी चूक तुझी नव्हती, तेरावं बोट कुणाकडे जायला हवं होतं ते मला माहीत होतं, आणि तुझी धुळ्याची जागा मी घालवली. शेवटी शेवटी मी चक्क शिंदखेड्याच्या बोलीत गेले. मला वाटतं 'मन्हीच चूक शे' असं काहीतरी म्हणाले. तिच्या मागे बसलेल्या पोरी त्यावर खुदकन हसल्या. बरं वाटलं. इतक्या वर्षांनी माझ्या बोलीला कोणीतरी उघड हसलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "जाऊ द्या" म्हणाली नाही, रागावलीही नाही. हाताखालच्या मातीवर रेघा ओढत राहिली. मग ती तोंडावर पडलेली बारकी पोर आली आणि तिचा कुडता ओढायला लागली. उपांत्य सामन्याला अर्धा तास होता, आणि अक्का खांबावरचा सूर एकदा मारून दाखवणार होती म्हणे. अक्का उठली. हात झटकले, खांबापर्यंत गेली, पावलं मोजत मागे आली. पवित्रा घेतला. दोन पावलं धावली आणि खांबाजवळ जाऊन थांबली. परत मागे आली. परत धावली, परत थांबली. नुसता खांबाला हात लावला आणि वळली. पोरी वाट बघत होत्या.

ती माझ्याकडे आली. माझ्या स्टुलाजवळ वाकली, पोरींना ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलली, आणि आवाजात एवढंसुद्धा कडू नव्हतं.

"बाई, तुम्ही जरा पलीकडे, मंडपाच्या मागे जाऊन बसता का? पोरींना सूर दाखवायचाय, आणि तुम्ही बघत असलात की माझं अंगच उचलत नाही."